उठता आलं पाहिजे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या श्रीवर्धनच्या मशिदीत अगदी मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते. मी लहान होतो तेव्हा तिथं एकही खुर्ची नव्हती. एखाद-दुसरे फार थकलेले आजोबा भिंतीला टेकून, बसूनच नमाज पढायचे. पुढं कुणीतरी एक खुर्ची आणून ठेवली. मग दोन झाल्या. परवाच्या शुक्रवारी मी मोजल्या, अकरा होत्या आणि अकराही भरलेल्या होत्या. गंमत म्हणजे त्यातले चार जण माझ्याबरोबर शाळेत होते. माझं वय एकोणसाठ. म्हणजे त्यांचंही तेवढंच.

ज्याला उभं राहणं जमत नाही त्यानं बसून नमाज पढावी, याला आमच्या धर्मात पूर्ण मुभा आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रसंग घडला. पहाटेची, फजरची नमाज होती. सजद्यातून उठताना आम्ही हात टेकतोच. त्या दिवशी हात टेकूनही मी उठलो नाही. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कसाबसा उभा राहिलो. नमाज संपल्यावर शेजारच्या तरुणानं हळूच विचारलं, ‘‘चाचा, उद्यापासून तुमच्यासाठी खुर्ची लावून ठेवू का?’’

त्यानं मायेनंच विचारलं होतं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मला ना सांधेदुखी, ना मधुमेह. गुडघे दुखत नव्हते. मग उठता का आलं नाही?

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच गोष्टीबद्दल. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. बी.ए. झालेला, एका शाळेच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेला आणि सवड मिळेल तेव्हा कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा विषय माझ्या घरात शिरला, म्हणून मी वाचू लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारू लागलो. घरात तो माझ्याआधी माझ्या वडिलांच्या पायांनी शिरला होता.

आमची पाऊण एकराची नारळ-सुपारीची वाडी आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही ऐकून असाल. बाबा सत्तरीपर्यंत वाडीत राबले. झाडांना पाणी घालणं, झावळ्या ओढून आणणं, रोपं लावणं, उकिडवं बसून सुपारी सोलणं, सगळं तेच करायचे. विजेचा पंप आला, आम्ही दोघं भाऊ कमावते झालो. मग एक दिवस आम्हीच म्हणालो, ‘‘बाबा, आता बस झालं. आयुष्यभर कष्ट काढलेत. आता ओटीवर बसून आराम करा.’’ गावानंही आम्हाला शाबासकी दिली. मुलं बापाला काडी उचलू देत नाहीत, म्हणाले.

बाबा बसले. दहा-बारा वर्षं बसले. पेपर वाचायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, जेवायचे. वजन बासष्ट किलो होतं, ते बासष्टच राहिलं. आम्हाला वाटायचं, तब्येत उत्तम आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. दुपारी घराची कौलं उडायला लागली. शेजारी स्लॅबचं घर आहे, तिथं जायचं ठरलं. मध्ये फक्त पंधरा-वीस पावलांचं अंतर. बाबांना पलंगावरून उठता येईना. एरवी उठायचे ते आम्ही हात द्यायचो म्हणून, हे तेव्हा ध्यानात आलं. शेवटी मी आणि भावानं त्यांना चादरीत घालून उचलून नेलं. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडत होत्या. त्या घरात पोहोचल्यावर आम्हाला धाप लागलेली पाहून बाबा म्हणाले, ‘‘मी एवढा जड कधी झालो रे?’’

बाबा जड झाले नव्हते. वजन तेच होतं. फक्त त्या वजनात पूर्वी जे मांस होतं ते गेलं होतं आणि त्याची जागा चरबीनं घेतली होती. पुढच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, अंथरूण धरलं आणि तीन महिन्यांत गेले. आम्ही सगळ्यांना सांगितलं, वय झालं होतं. पण तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून मला सांगितलेलं वाक्य मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, ‘‘हाड आता मोडलं. पाय दहा वर्षांपूर्वीच गेलेत.’’

श्रोतेहो, शरीरातला स्नायू हा बँकेतल्या ठेवीसारखा नसतो, की ठेवली आणि विसरलो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचे साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर उतरते. स्नायूंमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश पण बराच वेळ काम करणारे, दुसरे झटकन जोर लावणारे. वयाबरोबर जास्त झिजतात ते हे दुसरे. म्हणून म्हातारा माणूस बाजारात जाऊन येऊ शकतो, पण खाली बसला की उठताना अडतो. पाय घसरला तर झटकन तोल सावरू शकत नाही.

या झिजेला १९८८ साली अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी एक नाव सुचवलं, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. पण ते रोगांच्या यादीत यायला २०१६ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत सगळीकडे आपल्यासारखंच म्हणत होते, वय झालं.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ती दाखवून दिली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन किती, याचा जो आकडा काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. म्हणजे कागदावर दोघं सारखेच. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय माणसं दिसायला सडपातळ, पण आत मांस कमी आणि चरबी जास्त, असा त्याचा अर्थ. स्नायू कमी म्हणजे जेवणातली साखर साठवायला आणि जाळायला जागा कमी. आपल्याकडच्या मधुमेहाचा एक धागा इथं जोडलेला आहे. म्हणून, ‘माझं वजन तीस वर्षं तेवढंच आहे,’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला आता बाबांचे बासष्ट किलो आठवतात.

आता माझ्या डब्याची गोष्ट सांगतो. माझा मुलगा कुवेतला असतो. आमच्याकडे बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहेच. मशिदीतला प्रसंग मी त्याला फोनवर सांगितला. महिनाभरात गावच्या एका माणसाबरोबर त्यानं एक भलामोठा डबा पाठवला. डब्यावर एका पैलवान गड्याचं चित्र. आत व्हॅनिलाच्या वासाची पूड. बायको म्हणाली, ‘‘अहो, हे तुम्हाला पाठवलंय की वासराला?’’ मी मात्र निष्ठेनं रोज दोन चमचे दुधातून घेऊ लागलो. सकाळी डबा, मग पेपर, मग जेवण, मग वामकुक्षी. तीन महिन्यांनी डबा संपला. पोट थोडं वाढलं. सजद्यातून उठणं होतं तसंच राहिलं.

जीवना बंदरावर माझा एक कोळी मित्र आहे, सत्तरीचा. अजून होडीवर जातो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘शायर, दोरी ओढायला ये. डबा सुटेल.’’

तो हसत म्हणाला, पण पुढं वाचताना मला कळलं की तो शास्त्राचंच बोलत होता. अमेरिकेत बॉस्टन शहरात वृद्धांच्या एका संस्थेत डॉ. मारिया फिआटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. शंभर अशक्त वृद्ध, सरासरी वय ८७. त्यांचे चार गट केले. एका गटाला पायांचा वजनाचा व्यायाम, दुसऱ्याला पोषक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी ताकद मोजली. ज्यांनी व्यायाम केला त्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त झाली. ज्यांनी केला नाही त्यांची ३ टक्के. आणि नुसतं पेय घेणाऱ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. व्यायाम न करता पेय पिणाऱ्यांच्या एकूण आहारातही फारशी भर पडली नाही, कारण पेय प्यायलं की जेवण तेवढं कमी व्हायचं. माझंही तेच होत होतं. डबा घेतला की दुपारी भूकच लागायची नाही.

त्याच मंडळींचा त्याआधीचा, १९९० चा प्रयोग तर मला फार धीर देणारा वाटला. दहा जण, वय नव्वदच्या आसपास. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलून घेतलं, हळूहळू वजन वाढवत नेलं. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यातल्या दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं. नव्वदाव्या वर्षी! मी हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. वादळाच्या वेळी ते ब्याऐंशी वर्षांचे होते. तेव्हासुद्धा उशीर झालेला नव्हता. आम्हाला ते माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणजे डबा वाईट का? तसंही नाही. त्या पुडीत बहुतेक वेळा असतं काय? दूध फाटल्यावर पनीर बाजूला काढून जे पाणी आपण ओतून देतो, त्यातली प्रथिनं वाळवून केलेली भुकटी. ती औषध नाही, विषही नाही. ज्यांना दात नाहीत, आजारपणानं जेवण जात नाही, त्यांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ती देतात, तेव्हा उपयोग होतो. पण धडधाकट माणसानं खाण्यातूनच प्रथिनं घ्यावीत, पुडीच्या मागं लागू नये, असंच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे. क्रिएटिन नावाची आणखी एक पूड हल्ली विकतात. ती मासे आणि मटणात मुळातच असते. वजनाचा व्यायाम करणाऱ्या वयस्कांना तिचा थोडा फायदा होतो असं दिसलं आहे, नुसतं घेऊन बसणाऱ्याला नाही. तिच्यामुळं रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी कुठलाही डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये.

मग मी स्वयंपाकघराकडे वळलो. कारकुनाचा हिशेबी स्वभाव, वही घेऊन बसलो. निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आपली भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. पण वय झालं की शरीर तेवढ्याच अन्नातून कमी स्नायू बांधतं. म्हणून वयस्कांसाठी तज्ज्ञांनी १ ते १.२ ग्रॅम सुचवले आहेत. माझं वजन चौसष्ट किलो. म्हणजे मला रोज ६४ ते ७७ ग्रॅम हवेत. माझ्या ताटात किती होते? सकाळी चहा आणि बटर, दुपारी भात, पातळ आमटी, कालवणातला माशाचा एक तुकडा, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दोन भाकऱ्या, भाजी आणि उरलंसुरलं कालवण. सगळं मिळून जेमतेम चाळीस. समुद्राच्या काठी राहून ही अवस्था!

याला आणखी एक कारण आहे, ते आपल्या मायेतलं. आपल्या घरात आजोबा आपल्या ताटातला माशाचा तुकडा नातवाला देतात. बाबाही द्यायचे. ‘‘मला आता काय करायचंय, पोराला दे,’’ म्हणायचे. आम्हाला ते बघून भरून यायचं. आता वाटतं, पोराला तुकडा मिळालाच असता, आम्ही एक जास्त आणायला हवा होता.

तेव्हा ताटात थोडे बदल केले. सकाळी दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम. दुपारी तुकड्याऐवजी एक अख्खा बांगडा, म्हणजे पंधरा-सोळा. आमच्याकडे कुळीथ होतातच. शंभर ग्रॅम कुळथात बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. आठवड्यातून तीनदा कुळथाची किंवा चवळीची घट्ट उसळ. पावसात मासे नसतात तेव्हा सुके बोंबील आणि सोडे. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठीच्या आसपास प्रथिनं असतात. फक्त मीठ फार असतं, म्हणून रक्तदाबवाल्यांनी जपून, धुऊन घ्यावेत. शाकाहारी मंडळींना डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध, दही, पनीर आहेच. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. ही भर एकाच जेवणात टाकून भागत नाही, सकाळ-दुपार-रात्र वाटून घ्यायची. रमजानमध्ये आमचे बरेच वयस्क लोक सहरीला नुसता चहा आणि पाव खाऊन रोजा धरतात. तिथंही दोन अंडी किंवा वाटीभर दही असलं तर फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट, व्यायामाची. आपल्याकडे म्हातारपणाचा व्यायाम म्हटलं की चालणं. संध्याकाळी आमच्या समुद्रकिनाऱ्यावर बघा, निवृत्त मंडळी ओळीनं चालताना दिसतात. चालणं चांगलंच आहे. हृदयाला चांगलं, मनाला त्याहून चांगलं. पण मांडीच्या स्नायूंना त्याचं ओझं पुरेसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलं त्यात पासष्टीच्या पुढच्यांसाठी चालण्याशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा.

मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. आपल्याकडे गावोगाव तालमी होत्या. बडोद्याच्या जुम्मादादांचं नाव आज फार जणांना ठाऊक नसेल. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव. माणिकरावांनी गुरूच्या नावाचं व्यायाममंदिर नावारूपाला आणलं. त्याच बडोद्याहून १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघू लागले, ते दहा झाले. सातारच्या बाजूला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले आणि वयाच्या सत्तरीतही त्याचा प्रचार केला. जोर म्हणा, बैठका म्हणा, नमस्कार म्हणा, त्यातलं सार एकच. अंगाचं वजन खाली न्यायचं आणि स्वतःच्या बळावर वर आणायचं.

खरं तर हे आपल्या रोजच्या जगण्यातच होतं. आमच्या पाच वेळच्या नमाजात फर्ज रकात सतरा. म्हणजे दिवसातून सतरा वेळा जमिनीवरून उभं राहणं. हिंदू घरांमध्ये पाटावर बसून जेवण, जमिनीवर बसून पूजा. विहिरीवरचं पाणी, जात्यावरचं दळण. मग टेबलखुर्ची आली, कमोड आला, पंप आला. यातली एकही गोष्ट वाईट नाही. मला काही रहाट परत आणायचा नाही. पण जमिनीवरून उठण्याची गरज संपली आणि त्याबरोबर ताकदही गेली, हे आपल्या लक्षात आलं नाही. माझ्या बायकोचंच पाहा. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अजून उकिडवी बसून मासे साफ करते आणि सहज उठते. निवृत्ती मला मिळाली, तिला नाही.

ब्राझीलमधल्या क्लाउडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना एवढंच करायला सांगितलं, जमिनीवर बसा आणि उठा. दहापैकी गुण. हात टेकला, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण कमी. पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं, तर ज्यांना आठ ते दहा गुण होते त्यांच्या तुलनेत अगदी कमी गुणांच्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण पाचपटीहून जास्त निघालं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. याचा अर्थ हात टेकला म्हणून माणूस मरतो असा नाही. उठता येणं ही एकूण तब्येतीची खूण आहे, असा आहे.

तुम्हालाही घरच्या घरी पाहता येईल. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्या, बिनहातांची. हात छातीवर बांधा. पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी ठरवलं आहे की बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागत असेल तर लक्ष द्यायला हवं. दुसरी खूण पोटरीची. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वात जाड भाग मोजा. पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरच्या आत, बायकांमध्ये ३३ च्या आत असेल तर डॉक्टरांशी बोला. मी मोजलं तेव्हा मला पाच वेळा उठायला सतरा सेकंद लागले आणि पोटरी भरली तेहतीस.

मग मी काय केलं? व्यायामशाळेत गेलो नाही. एक दिवसाआड, फजरनंतर वीस मिनिटं. पहिली गोष्ट, खुर्चीवरून उठबस. सुरुवातीला पाचच. मग आठ, मग दहा, मध्ये थोडं थांबून पुन्हा दहा. बसताना धप्पकन नाही, सावकाश. हे सोपं झाल्यावर पिशवीत पाच किलो तांदूळ घालून छातीशी धरले. दुसरी गोष्ट, खिडकीचे गज धरून टाचा उचलणं. तिसरी, भिंतीवर हात ठेवून जोर. चौथी, पाण्याची बादली उचलून वाडीत चालणं. पाचवी, ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहणं. नियम एकच ठेवला, शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. जड जात नसेल तर वजन वाढवायचं. उठताना दम कोंडायचा नाही, श्वास सोडायचा. आणि ज्यांना छातीत दुखतं, रक्तदाब आटोक्यात नाही, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

पहिले तीन आठवडे मांड्या दुखल्या, काहीच घडलं नाही असं वाटलं. आता आठ महिने झाले. पाच वेळा उठायला अकरा सेकंद लागतात. पोटरी अजून साडेतेहतीसच आहे. पण ताकद आधी येते, आकार मागाहून येतो. सजद्यातून मी पहिल्याच वेळी उठतो. थंडीच्या दिवसांत कधीमधी अजूनही अडखळतो, ते लपवत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. आजारपणात अंथरुणावर पडून राहणं वयस्क माणसाला फार महाग पडतं. निरोगी वयस्कांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस गेल्याचं एका अभ्यासात दिसलं. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी उठून बसायचं, उभं राहायचं.

शेवटी दोन शब्द मुलांशी आणि सुनांशी. तुम्ही वडिलांना ‘‘तुम्ही बसा’’ म्हणता ते प्रेमानं म्हणता. आम्हीही म्हणालो. पण बसवणं म्हणजे सेवा नाही. त्यांच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका, फार तर हलकी करा. पडले तर सावरता येईल एवढ्या अंतरावर राहा, पण उठू द्या त्यांना. डबा पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. त्याबरोबर रोज फोन करून विचारा, ‘‘बाबा, आज किती वेळा उठलात?’’ माझा मुलगा आता कुवेतहून तेच विचारतो. मला राग येतो, पण उत्तर द्यावं लागतं.

वादळात गेलेल्या पोफळींच्या जागी आम्ही नवी रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी घेते. पंप आहे, तरी कडेच्या रोपांना मी बादलीनं पाणी घालतो. भाऊ म्हणतो, ‘‘तू बस, मी घालतो.’’ मी बसत नाही.

मशिदीतल्या खुर्च्या अजून अकराच आहेत. माझ्या वर्गातल्या एकानं गेल्या महिन्यात विचारलं, पहाटे तुझ्याकडे येऊ का. आता आम्ही दोघं असतो. उद्या कधी मला खुर्ची लागली तर मी घेईन, लाजणार नाही. पण ती गरज पडेल तेव्हा. आधी नाही.